पांढरं शीड

सातवीच्या वर्गात बाईंनी टेबलावर डस्टरचं जहाज सरकवत ग्रीक वीराची गोष्ट अगदी रंगात आणून संपवली. त्यांच्या लहानपणी शाळेतल्या सरांनी सांगितली होती तशीच. थिसियसने बैलतोंड्या राक्षसाला लोळवलं, बापाला दिलेल्या शब्दाप्रमाणे जहाजाचं काळं शीड उतरवून पांढरं चढवलं, आणि ते कड्यावरून पाहून म्हातारा राजा नाचायचाच काय तो बाकी राहिला.

"बाई, काहीतरीच काय!" मागच्या बाकावरची एक चिमुरडी पुस्तक नाचवत उठली. "इथे तर तो शीड बदलायला विसरतो. काळं शीड बघून राजाला वाटतं पोरगा गेला, आणि तो समुद्रात उडी टाकतो."

वर्ग खिदळला. बाईंनी पान वाचलं. खरंच की!

मधल्या सुट्टीत त्यांनी सरांना फोन लावला. "सर, पोरांसमोर पार हसं झालं माझं. तीस वर्षं तुमची गोष्ट उराशी धरून बसले, आणि ती चुकीची निघाली!"

"अगं, बाकी सगळी वर्षं बरोबरच शिकवली. फक्त तुमच्या वर्गाला तशी सांगितली."

"का? आम्ही काय घोडं मारलं होतं तुमचं?"



"त्या महिन्यात तुझे बाबा गेले होते, पोरी. आणि तू भेटेल त्याला सांगत होतीस, मी गोळ्या आणायला विसरले म्हणून ते गेले."