घसारा संपलेलं हृदय

कुमुद तोडकरने यंत्रसामग्रीची यादी कारखान्याचे मालक बापूसाहेब इंगवल्यांपुढे ठेवली. शेवटच्या ओळीत त्यांचं कृत्रिम हृदय होतं. घसारा दाखवून कर वाचवावा म्हणून त्यांनी ते दहा वर्षांपूर्वी कारखान्याच्या नावावर घेतलं होतं.

"याची पुस्तकी किंमत आज शून्य झाली," कुमुद म्हणाली. "भंगारात काढलंय."

"कुणाला विचारून?"

"नियम तुमचाच आहे, साहेब."

तो नियम तिला पाठ होता. तिचा नवरा दिनकर इथल्याच भट्टीवर काम करायचा. धुराने त्याची फुफ्फुसं गेली तेव्हा कारखान्याने यांत्रिक फुफ्फुसं बसवून दिली, आणि त्यांचा घसारा पूर्ण झाला त्या दिवशी काढून नेली. ती उत्तम चालत होती. दिनकर काही मिनिटांत गेला. पुढे कुमुद हिशेबाची परीक्षा देऊन याच कारखान्यात लागली आणि सात वर्षं वाट पाहत राहिली. बापूसाहेबांना तोडकर हे आडनावही कधी ओळखीचं वाटलं नाही.

"अहो बाई, मी जिवंत माणूस आहे!"

"वहीत तसं कुठं लिहिलेलं नाही."

त्यांचा आवाज उतरला. "मी विकत घेतो. किती देऊ?"

"सकाळच्या लिलावात मीच घेतलं, भंगाराच्या भावानं." तिने पावती पुढे सरकवली. "आत्ता काढत नाही. कधी न्यायचं, ते माझं मी ठरवीन."

त्या दिवसापासून जिन्यावर तिच्या चपला वाजल्या की बापूसाहेब छाती घट्ट धरून बसत. कुमुद मुद्दाम सावकाश चढे.