सहा नंबरच्या शेजारी

आजारपणाच्या रजेच्या पहिल्याच दिवशी संग्राम सकाळी आठला गोखिवऱ्याच्या कारखान्यात हजर झाला. काखेत वळकटी होती.

सहा नंबरच्या मशीनवर तो प्लास्टिकच्या बरण्यांची तयार झाकणं साच्यातून काढायचा. दार ओढायचं, झाकण काढायचं, दार लोटायचं. दर वीस सेकंदांना एकदा, बारा तास. परवा डुलकी लागली आणि बोटं साच्यात जाता जाता वाचली. डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं, तीन दिवस झोप, नाहीतर मशीनला हात लावायचा नाही. सुपरवायझर जितेंद्रने रजा लगेच मंजूर केली. एवढं मोठं मन तो वर्षातून एकदाच करत असे, त्यामुळे संग्रामला दारात बघून त्याचा पारा चढला.

"अरे, तुला झोपायला सोडलंय ना? मग इकडे काय करतोस?"

"झोपायलाच आलोय, सायेब."

"मग रूमवर झोप की!"

"दिवसा रूमवर रातपाळीवाले झोपतेत, जागाच न्हाई. रातच्याला झोपलो तर माझा हात आपोआप दार ओढतोय. शेजारच्याच्या थोबाडावर बसतोय. काल समद्यांनी मिळून भाईर काढलं मला."

जितेंद्रला हसू फुटलं. मग संग्रामचे तांबारलेले डोळे दिसले आणि हसल्याची त्याला लाज वाटली.

त्याने स्टोअरमधला कोपरा दाखवला. तिथे शांतता होती. संग्राम तासभर छताच्या पत्र्याकडे बघत पडला. मग वळकटी उचलून सहा नंबरच्या शेजारी, खोक्यांच्या आडोशाला आडवा झाला. मशीन धडधडत होतं. दोन मिनिटांत तो घोरू लागला. दार आज दुसरा कुणी ओढत होता. संग्रामचा हात जागचा हलला नाही.

एक वाजता जेवणाची सुट्टी झाली. मशीन थांबलं, तसा तो ताडकन उठून बसला.

"काय झालं? काय बंद पडलं?" त्याचा हात हवेत दार शोधत होता.

जितेंद्रने मुकाट्याने बटण दाबलं. मशीन रिकामंच धडधडायला लागलं आणि संग्राम होता तिथेच कलंडला.

सगळे डबे उघडून बाजूलाच बसले. पत्रे थरथरत होते, कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नव्हतं. जितेंद्रने कांदा फोडायला मूठ उगारली. पॅकिंगवाल्या यमुनाताईने ती वरच्यावर धरली आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन जीव तोडून ओरडली,

"सायेब, कोनी आवाज करू नका! पोरगा आत्ताच झोपलाय!"