सासऱ्यांच्या गाडीला सनरूफ

सनरूफ पहिल्याच झटक्यात उघडलं. फ्यूज उडाला नाही, धूर निघाला नाही, काच मुकाट्याने मागे सरकली. पण हे आपल्या कानावर आलंच नाही असं समजू, कारण सकाळी गाडीच्या टपाला करवत लावताना जावयाला त्याची तिळमात्र खात्री नव्हती.

जावई गाड्यांचा वायरमन होता. गाडी सासऱ्यांची होती आणि सासरे गाडीतच होते. टप कापला जात असतानाही ते डोक्याला टॉवेल गुंडाळून पुढच्या सीटवर बसून राहिले.

"बाबा, जरा बाहेर येता का? कीस उडतोय."

"उडू दे. मी या गाडीतून कशासाठीही उतरणार नाही, हे जाहीर झालेलं आहे."

प्रकरण असं होतं. सासूबाई एका संध्याकाळी म्हणाल्या, एक तर ती गाडी जाईल, नाहीतर तुम्ही जाल. सासऱ्यांना निवड करणं जमलं नाही. ते घर सोडून गाडीत जाऊन बसले. गाडी जवळच उभी होती. रागावलेल्या माणसाला फार लांब चालवत नाही. तिथून पुढे जाण्याचा प्रश्न नव्हता, कारण इंजिन कधीच बंद पडलेलं. तेव्हापासून ते आंघोळीपुरते वॉचमनच्या खोलीत जात, तेही उजाडायच्या आत, म्हणजे सासूबाईंच्या नजरेला पडायला नको. डबा वेळेवर येई. तो कोण पाठवतं हे विचारायचं नाही, असं सगळ्यांनी न बोलता ठरवलं होतं.

मग त्यांची कंबर धरली. डॉक्टर म्हणाले, अंगाला ऊन लागत नाही, रोज अर्धा तास उन्हात बसा. सासरे म्हणाले, उन्हात बसलो तर ती खिडकीतून बघेल आणि तिला वाटेल मी नमलो. ऊनच गाडीत आलं तर माझी हरकत नाही.

"लगेच बाबांची सोय लाव," बायकोने जावयाला बजावलं, "नाहीतर मी त्यांना आपल्याकडे घेऊन येणार. कायमचं."

जावयाचं घर दीड खोल्यांचं. सासरे आले की पंखा कितीवर ठेवायचा ते ठरवत, दाढी करताना बातम्या लावत आणि बातम्या देणाऱ्या बाईंशी वाद घालत. जावयाने त्याच दिवशी भंगारवाल्याकडून एका ठोकलेल्या गाडीचं सनरूफ काढून आणलं, चौकट, काच, मोटर सगळ्यासकट.

कापायची जागा सासऱ्यांनी स्वतः खडूने आखली होती. दोनदा पुसली, दोनदा मागे घेतली.

"एवढं मागे कशाला, बाबा?"

"सीट पाडून आडवा झालो की बरोबर तोंडावर आलं पाहिजे."

चौकट बसली. पाणी आत येऊ नये म्हणून जावयाने कोपऱ्यांतून नळ्या काढायला घेतल्या.

"नळ्या कशाला? इथे पाणी गळायचं नाही," सासरे म्हणाले.

माझ्या कामावर एवढा विश्वास, असं वाटून जावयाला भरून आलं. त्याने तरीही नळ्या घातल्या.

खरी गंमत वायरिंगची होती. गाडीतल्या वायरी एकेकाळी निरनिराळ्या रंगांच्या असाव्यात; आता सगळ्यांचा मिळून एकच मातकट रंग झाला होता. कुठली दिव्याची, कुठली हॉर्नची, देव जाणे. जावयाने जुन्याचा नाद सोडला. बॅटरी नवी टाकली, तिच्यापासून वेगळी लाइन ओढली, लगेच फ्यूज दिला, मध्ये रिले बसवला आणि वायर पुढच्या काचेशेजारच्या खांबातून वर नेली. अर्थिंगसाठी रंग खरवडून लखलखीत पत्रा काढला. दिवसभर तो हातदिवा घेऊन कधी डॅशबोर्डखाली उताणा, कधी सीटवर पालथा. नजर वायरीवरून हलली नाही. धंद्याची सवयच ती.

दुपारी बायको डबा घेऊन आली आणि स्विचच्या जागेवरून नवऱ्याशी वाद घालू लागली.

"तुझा नवरा हुशार आहे," सासरे घास चावत म्हणाले. "हे मी आज मान्य करतो. लग्नात केलं नव्हतं."

"मला आठवतंय," जावई डॅशबोर्डखालून म्हणाला.

जेवण झालं. शेवटचा स्क्रू बसला. सासऱ्यांनी सीट पाडली, आडवे झाले, स्विचवर बोट ठेवलं.

"दाबू?"

"दाबा."

काच मागे सरकली, हे आपल्याला माहीत नाही. जावयाने समाधानाने दिवसभरात पहिल्यांदा मान वर केली.

वर सिमेंटचं छत होतं. पार्किंगचं. इमारतीच्या पोटातल्या पार्किंगचं, ज्यात गाडी पहिल्यापासून उभी होती. छताला एक ट्यूबलाइट होती आणि एक पाइप.

"अरे," बायको म्हणाली आणि तिने वर बोट दाखवलं.

जावयाच्या डोळ्यांपुढून पंखा, दाढी आणि बातम्या देणाऱ्या बाई एका ओळीत सरकत गेल्या.

सासरे मात्र अजिबात चकित दिसत नव्हते. त्यांनी चपला काढल्या, सीटवर उभे राहिले आणि सनरूफमधून कमरेपर्यंत बाहेर आले. हात वर करून जावयाच्या पान्याने त्यांनी छतावर तीनदा ठोकलं. वर कुठेतरी भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

सासऱ्यांनी शर्टाची कॉलर नीट केली, घसा साफ केला.

"वरील स्वयंपाकघराच्या मालकीणबाईंस सविनय सादर," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "अर्जदार आपल्या बरोबर खाली वास्तव्यास असून त्यास डॉक्टरांनी उजेड सांगितला आहे. सबब, ओट्यापुढे आपण जिथे उभ्या राहता तिथली जमीन, दोन फूट बाय तीन फूट, काढून टाकण्यास तात्काळ परवानगी मिळावी. आणि काम पूर्ण झाल्यावर आपण रोज किमान अर्धा तास तिथे येऊन खाली पाहावे, ही नम्र विनंती."