साडूंच्या शब्दावर

“माझी लोण्यासारखी पळते, तुम्ही डोळे झाकून घ्या,” असं थोरल्या साडूंनी छातीठोकपणे सांगितलं, म्हणून दातांच्या डॉक्टरांनीही तीच महागडी इलेक्ट्रिक गाडी घेतली. वर्षभरात ती कितीदा तरी भर रस्त्यात रुसून बसली. विकायला काढली, तर जुन्या गाड्यांचे व्यापारी तिला हात लावेनात.

आज पुन्हा ती ओढून वर्कशॉपमध्ये आणली, तर तिथल्या बाकावर साडू बसलेले. “घ्या, नेहमीचा बिनसाखरेचा,” म्हणत मेकॅनिकने त्यांच्या हातात चहा दिला.

“साडूभाऊ, तुमचीही रडतेच? मग मला का घ्यायला लावलीत?” डॉक्टरांचा आवाज चिरकला.

साडूंनी नजर चुकवत चहावर फुंकर घातली.



“सासरी मी एकटाच मूर्ख ठरलो असतो ना!”