पहिल्या ताटलीचा मान

"अजून जरा हिरवी हवी, मंदाताई," समरजीतनं ताटली खिडकीच्या उजेडात धरली.

"पालकाचा रस वाढवते. पण पापडाला ताटली म्हणायचं, हे मी पहिल्यांदाच बघतेय हो, साहेब!"

टोपी बाजारातल्या मंदाताईंच्या माडीवर तांदळाच्या सालपापड्या ऊन खात पडल्या होत्या. पळसाच्या पानावर पीठ पसरायचं, वाफ द्यायची, पान हलकेच सोडवायचं; जाताना पान आपल्या शिरा पिठावर ठेवून जातं. समरजीतनं काठ मोडला. कुर्रर्र! खारट, खमंग.

"कुठल्या नाटकात खायचीय म्हणालात?"

"एकपात्री आहे," तो म्हणाला, आणि आपल्याच कोटीवर मनात हसला.

"बरं. डबा तेवढा परत करा हं. माझं नाव घातलंय त्यावर. कुसुमताईंकडे पापड जातात, त्या कशा घासूनपुसून पाठवतात! सगळ्यांना नाही जमत."

"बिलकुल पाठवतो. टेन्शन नको."

समरजीत 'धरतीथाल' कंपनीचा विक्रीप्रमुख. कंपनीची ताटली दिसायला हिरव्या पानासारखी, वर शिरा छापलेल्या. पाकिटावर ओळ होती, 'मातीतून आली, मातीत गेली'. ती त्याचीच. आत प्लास्टिकचा पातळ पापुद्रा होता, त्याबद्दल पाकिटावर कुठेच काही नव्हतं.

शहराच्या लष्कर भागातल्या मराठी मंडळात गणपतीचे दहाही दिवस पंगती उठत, त्या आजवर पळसाच्या पत्रावळींवर. मंडळानं धरतीथाल घेतली की गावातली सगळी लग्नं मागोमाग येणार होती. मालकांनी त्याला भोपाळचं ऑफिस कबूल केलं होतं. अडून बसल्या होत्या त्या फक्त मंडळाच्या अध्यक्ष, कुसुमताई.

"तुमची ताटली जाईच्या बुंध्याशी पुरली होती हो मी," त्या गेल्या आठवड्यात म्हणाल्या होत्या. "सगळा पाऊस जाईनं पिऊन घेतला, अंगभर फुलली. ताटली मात्र जशीच्या तशी."

"ताई, मातीला जरा वेळ द्या."

"मातीकडे वेळच वेळ आहे, समरजीतराव. तिच्या पोटात काय ढकलायचं, ते आपण बघायचं."

सगळी कार्यकारिणी बसली होती. समरजीतच्या तोंडून निघून गेलं, "इतकी शुद्ध आहे, की भरसभेत खाऊन दाखवतो!"

कुसुमताईंनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. "खाऊन? मग दाखवाच."

म्हणून ही सालपापडी.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच कंपनीचा ड्रायव्हर गोविंद डबा मंडळाच्या स्वयंपाकघरात देऊन आला. निरोप होता, आत कारखान्यातला खास नमुना आहे, कुणी हात लावू नका, संध्याकाळी तबकात ठेवून आणा.

संध्याकाळी सभागृह फुललं होतं. पोरं खिडक्यांत चढून बसली होती. पेपरवाली हर्षिता कॅमेरा सरसावून पुढच्या रांगेत होती. तबक घेऊन कुसुमताई स्वतः आल्या. विणलेला रुमाल बाजूला केला. हिरवीगार ताटली, तिच्यावर नाजूक शिरा.

समरजीतनं काठ मोडला. कुर्र वाजलं नाही. भादव्याची दमट हवा, सादळली बिचारी. त्यानं तुकडा तोंडात टाकला. मीठ नाही. मंदाताई आज मीठच विसरल्या! चावता चावेना, एक पापुद्रा टाळूला जाऊन बसला. सालपापडीच ती, पापुद्रे सुटायचेच.

सभागृह श्वास रोखून बघत होतं. त्यानं हसऱ्या चेहऱ्यानं चावलं, वर ग्लासभर पाणी घेतलं, आणि गिळलं.

"एकदम बढिया!" त्यानं दोन्ही हात उंचावले. "ताटली नाही ही, अन्न आहे अन्न!"

टाळ्यांचा पाऊस पडला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. हर्षितानं फोटोमागून फोटो घेतले. मागून कुणीतरी ओरडलं, "क्या बात है, समरजीत भैया!"

कुसुमताईही टाळ्या वाजवत होत्या, अगदी मनापासून. मग त्यांनी माइक घेतला.

"मंडळ ताटली घेतंय. एकच अट. पहिल्या ताटलीचा मान समरजीतरावांचा. दहाही दिवस, पंगत बसण्याआधी, त्यांनी इथे उभं राहून एक ताटली खायची. अख्खी. मग आम्ही जेवू. ज्या दिवशी ते येणार नाहीत, त्या दिवसापासून पळसाची पत्रावळ."

लोक हसले. समरजीतला तर हसू आवरेना. मान म्हणे!

"आणि कागदावर तेवढं घाला," कुसुमताई सचिवांना म्हणाल्या, "आज खाल्ली, तीच ताटली. तबक रोज मीच आणीन, आजच्यासारखं."

"जरूर, ताई! तुमच्या हातचं म्हणजे प्रसाद!" समरजीतनं झोकात सही ठोकली.

बाहेर महाराज बाड्याच्या चौकात दिवे लागले होते. टेंपो, ऑटो, भेळेच्या गाड्या, सगळं त्याला आज आपल्याच वरातीला आल्यासारखं दिसत होतं. त्यानं मालकांना फोन लावला. "सर, लष्कर जीत लिया!" पलीकडून आरोळी आली, "भोपाल तुम्हारा!"

जिभेनं तो अजून टाळूचा पापुद्रा सोडवत होता. सुटत नव्हता. त्यानं दुसरा फोन मंदाताईंना लावला.

"मंदाताई, नाटक हिट! अब दहा दिवस चालणार. रोज एक ताटली. आणि डबा तसाच मंडळात पाठवत जा, कुसुमताई तबकात लावून आणतील. फक्त एक करा, आजच्यासारखं मीठ विसरू नका!"

"मीठ?" पलीकडे मंदाताई गोंधळल्या. "पण तुम्ही खाल्लंत तरी काय, साहेब? डब्यावरचं नाव वाचून कुसुमताईंनी दुपारीच तो परत पाठवला. नेहमी घासूनपुसून येतो, आज मात्र भरलेलाच आला."