मोठे स्पीकर, आठ वॅट

"स्पीकर छातीएवढे उंच आहेत," ग्रोझदान म्हणाला आणि दुकानातल्या पहिल्याच खुर्चीत बसला. "एकेकात बारा इंची दोन कोन, म्हणजे ते थरथरणारे गोल पडदे. त्यांना कोणता अ‍ॅम्प्लिफायर जोडायचा, ते सांगा."

वेसेलिनने मान वर केली. रूसे गावात त्याचं हे एवढंसं दुकान. इतकी वर्षं धंदा करून तो गिऱ्हाइकांना कंटाळला होता आणि गिऱ्हाइकं नसली की आणखीच कंटाळत होता. हा माणूस ट्रॉलीबसच्या ड्रायव्हरच्या गणवेशात होता आणि त्याचे डोळे तांबारलेले होते.

"माहितीपत्रक आणलंय?"

"ते माझ्याकडे नाही. खोकं होतं, तेवढं कापून आणलं." ग्रोझदानने खिशातून पुठ्ठ्याचा तुकडा काढला. ओल लागून त्याच्या कडा फुगल्या होत्या.

वेसेलिनने चष्मा लावून आकडे वाचले. "चार ओहम, आणि संवेदनशीलता बेताचीच. म्हणजे हे हत्ती आहेत, बाबा. यांना खाऊ घालावं लागतं. सध्या काय जोडलंय?"

"ट्रान्झिस्टरचा आहे. दोनशे वॅटचा, असं ऐकलंय."

"मग बरोबर जोडलाय की! बदलता कशाला?"

"झोप नाही हो मला." ग्रोझदानने तोंडावरून हात फिरवला. "नाताळापासून धड झोपलेलो नाही. पहाटे चारला गाडी काढायची असते. परवा थांब्यावर दारं उघडली आणि तिथंच डोळा लागला. लोक ओरडायला लागले तेव्हा जागा झालो. पुन्हा असं झालं तर घरी बसा, असं साहेबांनी सांगितलंय."

वेसेलिनला हा आजार चांगला ठाऊक होता. मोठे स्पीकर घरी आले की माणसाचं असंच होतं. सूर जुळेना की झोप उडते, मग बायको उडते. याची नोकरीच उडायच्या बेतात होती. त्याला या माणसाची मनापासून दया आली.

"नेमकं काय खटकतंय?"

"खर्ज. नुसता धब धब. गाणं कुठलं तेही कळत नाही."

"आणि वरचे सूर?"

"ते मला कधी ऐकूच आले नाहीत."

"खोली केवढी आहे?"

"माझ्या निजायच्या खोलीएवढीच. सगळं काँक्रीट. त्या काँक्रीटचा इंच न् इंच मला पाठ आहे."

वेसेलिनने उसासा टाकला आणि एक जाडजूड काळा अ‍ॅम्प्लिफायर पुढे ओढला. हा घ्या, म्हणाला, खर्ज मुठीत धरून ठेवेल. पण ग्रोझदानचं लक्ष मागच्या फळीवर होतं. तिथे एका छोट्या अ‍ॅम्प्लिफायरवर काचेचे व्हॉल्व्ह मंद नारिंगी पेटले होते.

"तो किती वॅटचा?"

"तो? आठ. त्याचं नावच काढू नका. नाजूक प्रकरण आहे ते. तुमचे बारा इंची कोन त्याच्याने जागचे हलायचे नाहीत. हळू लावलात तर आवाज गोड, गाणारी बाई शेजारी बसल्यासारखी. मोठा केलात तर आवाज फाटेल, आणि फाटका आवाज वरच्या सुरांचे छोटे स्पीकर जाळून टाकतो. लोकांना वाटतं जास्त वॅटने स्पीकर जळतात. पण माणसं कमी वॅटवाला पिळून पिळूनच स्पीकर जास्त जाळतात."

ग्रोझदान पहिल्यांदाच ताठ बसला. "म्हणजे हळूच ऐकावं लागतं?"

"झक मारत."

"आणि असला अ‍ॅम्प्लिफायर घरी असला, की माणूस मिरवतो का?"

"मिरवतो? पाहुण्यांना अंधारात बसवून व्हॉल्व्ह दाखवतो! मग ट्रान्झिस्टरवाल्यांना नाकं मुरडतो."

"पुन्हा त्या दोनशे वॅटकडे वळत नाही?"

"लाज वाटते त्याला. पण अहो, तुमच्या स्पीकरना हा..."

"लावा बघू."

वेसेलिनने नाइलाजाने लावला. एका बाईचं जुनं गाणं हलकेच सुरू झालं. दुसऱ्या कडव्याला ग्रोझदान खुर्चीत मान टाकून घोरत होता. वेसेलिनने त्याला उठवलं नाही. इतक्या वर्षांत आपल्या मालाची एवढी खरी दाद कुणी दिली नव्हती, असं त्याला वाटलं.

जाग आल्यावर ग्रोझदान म्हणाला, "हाच. माझी स्वतःची मोटार विकलीय मी त्यासाठी. झोपेत चालवण्यापेक्षा नसलेली बरी. घरी येऊन जोडून द्याल ना? दहा तारखेला?"

"दहाला संत हारालाम्पीचा दिवस. माझ्या सासऱ्यांचं नाव तेच, म्हणजे त्यांचा नामदिन. न बोलावता माणसं येतात, आणि नामदिनाला आलेल्याला कुणी दारातून परत पाठवत नाही. मलाही तिथं तोंड दाखवायला हवं."

"तासाभरात मोकळं करतो तुम्हाला."

खोक्यावर त्याने लाल फीतही बांधून घेतली. बायकोच्या डोळ्यांत धूळ फेकायला गिऱ्हाइकं काय काय करतात हे वेसेलिनने पाहिलेलं होतं. त्याने गाठ मारली.

दहा तारखेला लिफ्ट बंद होती. दोघं धापा टाकत खोकं घेऊन जिना चढले. मजल्यागणिक धब धब वाढत गेली. घरी कुणीतरी स्पीकर लावून ठेवलेत म्हणायचे, वेसेलिन मनात म्हणाला. खर्ज खरंच बेताल होता. या माणसाला झोप येत नव्हती यात नवल नव्हतं.

ग्रोझदानने शेवटच्या दाराशी थांबून टोपी काढली, केस सारखे केले आणि घंटा वाजवली. बराच वेळ कुणाला ऐकूच गेली नाही. त्याने पुन्हा वाजवली. मग दार उघडलं, आणि आवाजाच्या लोंढ्यासोबत एक धिप्पाड तरुण हातात पेला घेऊन उभा राहिला. त्याने फीत बांधलेल्या खोक्याकडे पाहिलं, मग दोघांकडे.

"नामदिनाच्या शुभेच्छा, हारालाम्पी!" ग्रोझदान ओरडून म्हणाला. "ओळखलं नसेल तुम्ही. मी ग्रोझदान, तुमच्या बरोब्बर खालच्या घरात राहतो."