विळ्यासारखे

मुलीचे सांधे सारखे दुखायचे, म्हणून सुमली तिला घेऊन डोंगर उतरून आरोग्य केंद्रात आली. सूक्ष्मदर्शकातून रक्त तपासणाऱ्या बाईंना तिनं विचारलं, “ताई, त्या यंत्रातून काय दिसतं?”

बाईंच्या अकरा वर्षांच्या नोकरीत हे कुणी विचारलं नव्हतं. बाई उठल्या. “बस, तूच बघ.”

सुमलीनं एक डोळा मिटला. “सगळे गोल. मध्येच काही वाकडे, विळ्यासारखे.”

“रक्तातल्या त्या वाकड्या पेशी, तोच पोरीचा आजार, सिकलसेल. गोळ्या रोज दे, पोरगी शाळेत जाईल.”

गोळ्यांच्या वेळा दोनदा विचारून सुमली दारापर्यंत गेली आणि परतली. “हे काम करायला शाळा किती लागते?”

“बारावी, मग वर एक कोर्स. तू किती शिकलीस?”

“चौथी.”

जूनमध्ये मुलगी पहिलीत गेली. सुमली मुक्त शाळेचा पाचवीचा अर्ज घेऊन बाईंकडे आली. लिहिता लिहिता थांबली. “ताई, गोळ्या रक्तात जाऊन करतात काय?”

“मलाही नीट नाही सांगता येणार,” बाई म्हणाल्या. “तू शिक, मग मला सांग.”